समजून घ्या : एकोणपन्नास म्हणजे ⅠⅬ का नाही? कोणतीही संख्या रोमन अंकांत लिहिण्याची सोपी रीत

डिजिटल डेस्क, रत्नागिरी

"मामा, एकोणपन्नास म्हणजे ⅠⅬ असं तूच सांगितलं होतंस ना?"

भाचीचा फोन आला तेव्हाच लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेत ४९ ही संख्या रोमन अंकांत कशी लिहाल, असा प्रश्न होता. आदल्या रात्री तिने मला फोनवर हेच विचारलं होतं. मी इंजिनीअर. Ⅼ म्हणजे पन्नास, त्याआधी एक लिहिला की एक कमी, झाले एकोणपन्नास. दहा सेकंदांत उत्तर देऊन मी मोकळा झालो. तिने वहीत आधी ⅩⅬⅠⅩ लिहिलं होतं. मामा इंजिनीअर आहे म्हणून तिने ते खोडलं.

बरोबर उत्तर ⅩⅬⅠⅩ हेच होतं. दोन गुण गेले, आणि ते माझ्यामुळे गेले.

नंतर ऑफिसात सहज विचारलं, तर तिघांपैकी दोघांनी ⅠⅬ असंच उत्तर दिलं. म्हणजे चूक माझ्या एकट्याची नव्हती. बालभारतीच्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात रोमन संख्याचिन्हांवर स्वतंत्र पाठ आहे, शिष्यवृत्तीच्या तयारीतही हा घटक येतो. पण घरी शिकवणारे आई-बाबा, काका, मामा हे सगळं कधीच विसरलेले असतात. म्हणून ही रीत एकदा नीट समजून घेऊ.

चिन्हे फक्त सात

रोमन पद्धतीत एकूण सात चिन्हे आहेत :

• Ⅰ = १
• Ⅴ = ५
• Ⅹ = १०
• Ⅼ = ५०
• Ⅽ = १००
• Ⅾ = ५००
• Ⅿ = १०००

शून्यासाठी चिन्ह नाही. मोठे चिन्ह आधी आणि छोटे नंतर आले तर बेरीज करायची : ⅤⅠ म्हणजे ५ + १ = ६. छोटे आधी आणि मोठे नंतर आले तर वजाबाकी : ⅠⅤ म्हणजे ५ – १ = ४. इथपर्यंत बहुतेकांना आठवतं. गडबड होते ती यापुढे.

मराठी माणूस नेमका कुठे फसतो?

आपल्या भाषेत १९ ला आपण एकोणीस म्हणतो, २९ ला एकोणतीस, ४९ ला एकोणपन्नास. 'एकोण' म्हणजे एक उणे, एकाने कमी. एकोणपन्नास हा शब्दच आपल्याला सांगतो की पन्नासातून एक काढा. मग हात आपोआप Ⅼ च्या आधी Ⅰ काढतो.

गंमत म्हणजे रोमन लोकांची लॅटिन भाषाही अशीच होती. लॅटिनमध्ये १९ ला 'उन्देविगिन्ती' म्हणत, म्हणजे 'विसाला एक कमी'. पण लिहिताना ⅩⅠⅩ, म्हणजे दहा आणि नऊ. बोलणं एक आणि लिहिणं वेगळं.

आता ९९ घ्या. याला आपण 'एकोणशंभर' म्हणत नाही, नव्याण्णव म्हणतो. नव्वद आणि नऊ. रोमन अंकही अगदी तसेच लिहितात : ⅩⅭ (नव्वद) आणि ⅠⅩ (नऊ), मिळून ⅩⅭⅠⅩ. म्हणजे नव्याण्णव हा शब्द वाट दाखवतो आणि एकोणपन्नास हा शब्द चकवतो.

२०१९ मधला वाद अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', सत्तावन्नच्या जोडीला 'पन्नास सात' असं संख्यावाचन दिलं गेलं आणि राज्यभर चर्चा झाली. त्यावर विनोदही खूप झाले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरांचा त्रास कमी व्हावा आणि संख्या कळावी, अशी त्यामागची भूमिका मांडली होती. त्या वादात कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. पण रोमन अंकांपुरतं बोलायचं तर ते वाचन कामाचं आहे. ४९ ला 'चाळीस नऊ' म्हणा. चाळीस म्हणजे ⅩⅬ, नऊ म्हणजे ⅠⅩ. उत्तर तयार : ⅩⅬⅠⅩ.

रीत : संख्या फोडा, मग लिहा

हीच ती सोपी रीत. संख्या एकदम लिहायला जाऊ नका. हजार, शतक, दशक, एकक असे तिचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा स्वतंत्र लिहा आणि डावीकडून उजवीकडे जोडा. एका तुकड्यातलं चिन्ह दुसऱ्या तुकड्यातून वजा होत नाही. एककाचा Ⅰ दशकाच्या घरात शिरत नाही, म्हणून ⅠⅬ किंवा ⅠⅭ हे लिहिलंच जाऊ शकत नाही.

त्यासाठी हा तक्ता. मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एकक
१ Ⅰ, २ ⅠⅠ, ३ ⅠⅠⅠ, ४ ⅠⅤ, ५ Ⅴ, ६ ⅤⅠ, ७ ⅤⅠⅠ, ८ ⅤⅠⅠⅠ, ९ ⅠⅩ

दशक
१० Ⅹ, २० ⅩⅩ, ३० ⅩⅩⅩ, ४० ⅩⅬ, ५० Ⅼ, ६० ⅬⅩ, ७० ⅬⅩⅩ, ८० ⅬⅩⅩⅩ, ९० ⅩⅭ

शतक
१०० Ⅽ, २०० ⅭⅭ, ३०० ⅭⅭⅭ, ४०० ⅭⅮ, ५०० Ⅾ, ६०० ⅮⅭ, ७०० ⅮⅭⅭ, ८०० ⅮⅭⅭⅭ, ९०० ⅭⅯ

हजार
१००० Ⅿ, २००० ⅯⅯ, ३००० ⅯⅯⅯ

तक्ता पाठ करायची गरज नाही. तिन्ही ओळींची चाल एकच आहे. एककात Ⅰ, Ⅴ, Ⅹ जे काम करतात, तेच दशकात Ⅹ, Ⅼ, Ⅽ करतात आणि शतकात Ⅽ, Ⅾ, Ⅿ. मुलाला १ ते ९ नीट जमले की बाकीच्या ओळी फक्त चिन्हे बदलून येतात.

एखाद्या घरात शून्य असेल तर ते घर सोडून द्या. तिथे काहीच लिहायचं नाही.

रत्नागिरीची तीन सालं

आपल्याच गावाच्या इतिहासातली सालं घेऊन रीत वापरून पाहू.

१८५६, लोकमान्य टिळकांचा रत्नागिरीतला जन्म :
१००० = Ⅿ
८०० = ⅮⅭⅭⅭ
५० = Ⅼ
६ = ⅤⅠ
उत्तर : ⅯⅮⅭⅭⅭⅬⅤⅠ

१९१०, ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी बांधलेला राजवाडा :
१००० = Ⅿ
९०० = ⅭⅯ
१० = Ⅹ
एककात शून्य, काही लिहायचं नाही.
उत्तर : ⅯⅭⅯⅩ

१९१६, थिबा राजाचं रत्नागिरीतच निधन :
१००० = Ⅿ
९०० = ⅭⅯ
१० = Ⅹ
६ = ⅤⅠ
उत्तर : ⅯⅭⅯⅩⅤⅠ

एक निरीक्षण. १८५६ लिहायला आठ चिन्हे लागली, १९१० ला चारच. रोमन संख्येची लांबी पाहून ती लहान की मोठी हे कळत नाही. १८८८ लिहायला तब्बल तेरा चिन्हे लागतात (ⅯⅮⅭⅭⅭⅬⅩⅩⅩⅤⅠⅠⅠ), आणि २००० ला फक्त दोन (ⅯⅯ). 'सर्वांत मोठी संख्या ओळखा' या प्रश्नात मुलं लांबीला भुलतात, तेव्हा हे सांगून ठेवा.

नियम हवेच असतील तर

तक्ता वापरला तर नियम आपोआप पाळले जातात. तरीही प्रश्नात 'कोणते लेखन चूक आहे' असं विचारलं तर हे चार मुद्दे पुरतात :

• Ⅰ, Ⅹ, Ⅽ, Ⅿ ही चिन्हे सलग जास्तीत जास्त तीन वेळा येतात.
• Ⅴ, Ⅼ, Ⅾ ही चिन्हे पुन्हा लिहीत नाहीत. ⅤⅤ म्हणजे १० असं होत नाही, त्यासाठी Ⅹ आहे.
• Ⅴ, Ⅼ, Ⅾ कधीच वजा होत नाहीत. ४५ म्हणजे ⅤⅬ नाही, ⅩⅬⅤ.
• वजाबाकीच्या जोड्या सहाच : ⅠⅤ (४), ⅠⅩ (९), ⅩⅬ (४०), ⅩⅭ (९०), ⅭⅮ (४००), ⅭⅯ (९००). सातवी जोडी दिसली की उत्तर चूक.

शेवटचा मुद्दा परीक्षेत सर्वांत कामाचा. ⅠⅬ, ⅠⅭ, ⅩⅮ, ⅩⅯ हे पर्याय दिसले की आकडेमोड न करता खोडता येतात. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे असतात. एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर मिळतं, तेव्हा असे दोन पर्याय आधीच बाद होणं मोठं असतं.

उलटं कसं करायचं? रोमनवरून आपली संख्या

डावीकडून वाचत जा. प्रत्येक चिन्हाच्या पुढचं चिन्ह पाहा. पुढचं मोठं असेल तर दोघांची जोडी करा आणि वजा करा. नसेल तर सरळ मिळवा.

ⅯⅭⅯⅩⅬⅤⅠⅠ घेऊ. Ⅿ (१०००), मग ⅭⅯ ही जोडी (९००), मग ⅩⅬ ही जोडी (४०), मग ⅤⅠⅠ (७). बेरीज १९४७. स्वातंत्र्याचं साल.

पेन्सिलने जोड्यांभोवती गोल करायची सवय मुलांना लावली तर चुका बऱ्याच कमी होतात.

"पण घड्याळात तर ⅠⅠⅠⅠ आहे!"

हा प्रश्न भाचीनेच विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. भिंतीवरच्या अनेक घड्याळांत चारच्या जागी ⅠⅤ नसतं, ⅠⅠⅠⅠ असतं. घड्याळ चुकलेलं नाही. घड्याळ बनवणाऱ्यांची ती जुनी प्रथा आहे. लंडनच्या बिग बेनच्या तबकडीवर मात्र ⅠⅤ आहे.

खुद्द रोमन लोकही ⅠⅠⅠⅠ लिहीत. रोमच्या कलोसियम या प्रेक्षागाराच्या दारांवर क्रमांक कोरलेले आहेत. तिथे ४४ हा क्रमांक ⅩⅬⅠⅠⅠⅠ असा आहे. चाळीस वजाबाकीने आणि चार मात्र चार काड्यांनी. आज आपण शिकतो ते काटेकोर नियम नंतरच्या काळात रूढ झाले. परीक्षेत अर्थात पुस्तकातलाच नियम चालेल : ४ म्हणजे ⅠⅤ.

आज हे शिकून उपयोग काय?

पालकांचा हमखास प्रश्न. हिशोबाला उपयोग शून्य, हे खरंच. पण वाचता न आल्याने अडायला होतं, अशा जागा आजही आहेत.

जुनी नाणी : कोकणातल्या बऱ्याच घरांत देव्हाऱ्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या डब्यात ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये असतात. त्यावर राजाच्या नावापुढे ⅤⅠⅠ असेल तर तो सातवा एडवर्ड. जॉर्जपुढे Ⅴ असेल तर पाचवा जॉर्ज, ⅤⅠ असेल तर सहावा. सातवा एडवर्ड मे १९१० मध्ये वारला आणि पाचवा जॉर्ज गादीवर आला. म्हणजे थिबा राजवाड्याच्या त्या एका सालात हिंदुस्थानचे दोन बादशहा झाले. पाचव्या आणि सहाव्या जॉर्जच्या नाण्यांत नावाचा फरक फक्त एका उभ्या रेघेचा आहे. झिजलेल्या नाण्यावर ती रेघ नीट पाहावी लागते.

भूकंप : ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या पिढीला आठवतो. भूकंपाची तीव्रता, म्हणजे एखाद्या जागी जाणवलेला हादरा आणि झालेलं नुकसान, Ⅰ ते ⅩⅠⅠ अशा रोमन अंकांत सांगतात. भूकंपाची महत्ता, जिला आपण रिश्टर म्हणतो, ती साध्या अंकांत सांगतात. दोन मापांची सरमिसळ होऊ नये म्हणून ही सोय आहे. २००२ च्या भारतीय मानकातील नकाशात देशाचे ⅠⅠ ते Ⅴ असे चार भूकंप विभाग केले होते. पहिला विभाग दुसऱ्यात विलीन केल्यामुळे त्यात Ⅰ नव्हताच. महाराष्ट्राच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा काही भाग त्यात ⅠⅤ मध्ये होता.

बागायत : सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. या मोरचुदाचं रसायनशास्त्रातलं नाव कॉपर (ⅠⅠ) सल्फेट. कंसातला ⅠⅠ तांब्याची संयुगातली अवस्था सांगतो. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात हे कंस पानोपानी भेटतात.

दवाखाना : रक्त गोठायला मदत करणाऱ्या घटकांना रोमन क्रमांक आहेत. हिमोफिलिया ए मध्ये फॅक्टर ⅤⅠⅠⅠ कमी असतो, हिमोफिलिया बी मध्ये फॅक्टर ⅠⅩ. दोन्हींची इंजेक्शनं वेगळी. इथे आठ आणि नऊमधला गोंधळ परवडणारा नाही.

स्पर्धा परीक्षा : संविधानाचे भाग इंग्रजी प्रतीत रोमन अंकांत आहेत. भाग ⅠⅠⅠ मूलभूत हक्क, भाग ⅠⅤ राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे, भाग ⅠⅩ पंचायती. ⅠⅤ आणि ⅤⅠ यांत उलटापालट केली तर मार्गदर्शक तत्त्वांऐवजी आपण राज्य सरकारांच्या तरतुदींवर जाऊन पोहोचतो.

मग आपण हे अंक सोडून का दिले?

४४४ ही संख्या पाहा. तीन वेळा तोच ४, पण जागा बदलली की किंमत बदलते : चारशे, चाळीस, चार. रोमनमध्ये हेच ⅭⅮⅩⅬⅠⅤ. प्रत्येक चारसाठी वेगळी जोडी, कारण तिथे जागेला किंमत नाही. अशा दोन संख्यांचा गुणाकार वहीत मांडून पाहा, म्हणजे अडचण कळेल.

आपल्याकडेही एकेकाळी असंच होतं. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनकाळातला ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या दानांचे आकडे त्यात कोरले आहेत. त्यात दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार चालायचा तो कल्याण, चौल अशा कोकणातल्या बंदरांतून. म्हणजे तेव्हा घाटाखाली माल उतरवणारा आणि घाटावर तो नेणारा, दोघांच्याही अंकांत शून्य नव्हतं.

पुढे भारतात शून्य आणि स्थानिक किंमत आली. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडले. ग्वाल्हेरच्या ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आहे. अरबांमार्फत हे अंक युरोपात गेले. १२०२ मध्ये इटलीच्या फिबोनाचीने त्यावर पुस्तक लिहिलं, आणि पुढच्या काही शतकांत रोमन अंक हिशोबातून हटले. उरले ते क्रमांकांपुरते.

म्हणजे संख्या फोडण्याची आपली वरची रीत ही खरं तर आपल्या शून्याचीच देणगी आहे. हजार, शतक, दशक, एकक ही घरं आधी आपल्या अंकांत पाडतो आणि मग रोमनमध्ये भरतो.

मोबाइलवर पडताळा कसा घ्याल?

एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये बरोबरचं चिन्ह देऊन इंग्रजीत 'रोमन' असं लिहा आणि कंसात संख्या द्या. लगेच उत्तर येतं. ही सोय १ ते ३९९९ पर्यंत चालते, कारण ४००० साठी चार Ⅿ लागतील आणि तिसऱ्यानंतर परवानगी नाही. त्यापुढच्या संख्यांसाठी चिन्हावर आडवी रेघ देऊन हजारपट करण्याची पद्धत आहे.

एक सावधगिरी. एक्सेलच्या या सूत्रात संख्येनंतर दुसरा आकडा देता येतो. ४९९ साठी काही न देता ⅭⅮⅩⅭⅠⅩ हे बरोबर उत्तर मिळतं. दुसरा आकडा ४ दिला तर तेच एक्सेल ⅠⅮ असं 'संक्षिप्त' उत्तर देतं. परीक्षेत ते चूक धरलं जाईल. दुसरा आकडा देऊच नका.

टाइप करताना नेहमी इंग्रजी कॅपिटल अक्षरं वापरा. स्मॉल 'एल' आणि कॅपिटल 'आय' स्क्रीनवर सारखेच दिसतात आणि उत्तर तपासताना डोकं फिरतं.

घरी सराव

रोमनमध्ये लिहा : (१) ३९ (२) ८९ (३) ४४४ (४) १६६६ (५) १६७४ (६) १९९९
आपल्या अंकांत लिहा : (७) ⅭⅩⅬⅠⅩ (८) ⅯⅯⅩⅩⅠⅤ

उत्तरे : (१) ⅩⅩⅩⅠⅩ (२) ⅬⅩⅩⅩⅠⅩ (३) ⅭⅮⅩⅬⅠⅤ (४) ⅯⅮⅭⅬⅩⅤⅠ (५) ⅯⅮⅭⅬⅩⅩⅠⅤ (६) ⅯⅭⅯⅩⅭⅠⅩ (७) १४९ (८) २०२४

चौथं उत्तर पुन्हा पाहा. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते १६६६ हे साल. त्यात सातही चिन्हे मोठ्यापासून लहानापर्यंत एकेकदा ओळीने येतात. चिन्हांचा क्रम लक्षात ठेवायला एवढं एक साल पुरतं. पाचवं साल राज्याभिषेकाचं.

भाचीला ही सगळी रीत फोनवरच सांगितली, या वेळी कागद-पेन घेऊन. तिने ८९ सोडवलं, मग मला विचारलं, "मामा, एकोणनव्वद. सांग." मी ⅬⅩⅩⅩ लिहिलं, मग ⅠⅩ लिहिलं, आणि मगच उत्तर दिलं.